आखाड्यातला ड्रम

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझी नात एक कागद घेऊन आली. "आबा, हे लेथवर करून मिळेल का? पण आमच्याकडे पैसे फार नाहीत हं." कागदावर एक पोलादी नळकांडं काढलं होतं. बाहेरचा व्यास १०० मिलिमीटर, आतला ७०, लांबी ९५, आणि अंगावर चार दात. मी बेळगावच्या उद्यमबागेत चाळीस वर्षं लेथवर उभा होतो. शाफ्ट, बुश, पुली, सगळं केलं. पण हा तुकडा कुठल्या यंत्रात बसतो ते काही सांगता येईना. तेव्हा कळलं की कॉलेजातली मुलं १५ किलोचा लढाऊ यंत्रमानव करताहेत आणि हे त्याचं हत्यार. नाव 'ड्रम'. (आपल्या मंडळाच्या ढोलपथकाने उगाच खूश होऊ नये.)

त्या निमित्ताने मी या खेळाची कुळकथा शोधत गेलो. अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात हौशी तंत्रज्ञांच्या एका मंडळाने १९८७ मध्ये 'क्रिटर क्रंच' नावाने घरगुती यंत्रांची झुंज लावली होती. पण खेळाला खरं रूप आलं सॅन फ्रान्सिस्कोत. मार्क थॉर्प हा सिनेमासाठी मॉडेलं करणारा कारागीर. घरातला व्हॅक्यूम क्लीनर रिमोटवर चालवण्याची त्याची खटपट फसली आणि त्यातून यंत्रांच्या कुस्तीची कल्पना निघाली. ऑगस्ट १९९४ मध्ये फोर्ट मेसन इथे पहिलं 'रोबोट वॉर्स' भरलं. कुस्तीसारखेच वजनी गट ठरले. सुरुवातीचे मल्ल म्हणजे कुणाला करवत बांधलेली, कुणाला कुऱ्हाड, कुणी नुसता पाचरीसारखा उतरता पत्रा घेऊन समोरच्याच्या खाली घुसणारा.

पुढच्याच वर्षी एक यंत्र आलं आणि सगळ्यांचे डोळे उघडले. पुढे दूरचित्रवाणीवर 'मिथबस्टर्स'मुळे नाव झालेल्या जेमी हायनमन यांचा 'ब्लेंडो'. मोठी कढई पालथी घालावी तसं त्याचं कवच, आणि ते अख्खं कवचच इंजिनावर गरगर फिरायचं. समोरच्या यंत्राचे तुकडे आखाड्याच्या कुंपणावरून प्रेक्षकांकडे उडाले. संयोजकांनी त्याला पुढच्या लढतींतून बाहेर काढलं आणि सहविजेता ठरवून प्रकरण मिटवलं. जिंकण्याइतकं चांगलं, म्हणून खेळायला मनाई! आपल्या तालमीतही असे पैलवान ऐकिवात आहेत.

ब्लेंडोने शिकवलं ते जात्यावर दळणाऱ्या बाईला आधीपासून ठाऊक होतं. जातं फिरवायला सुरुवातीला जोर लागतो. एकदा फिरलं की ते स्वतःच ओढतं. लहान मोटरने सावकाश साठवलेली ताकद क्षणात खर्च करायची, ही फिरत्या हत्याराची सारी युक्ती. मग लोकांनी आडव्या पट्ट्या फिरवल्या, उभ्या चकत्या फिरवल्या. इंग्लंडमध्ये बीबीसीवर १९९८ पासून 'रोबोट वॉर्स' दिसू लागलं. तिथे 'हिप्नो-डिस्क'च्या जड चकतीने भल्याभल्यांचे पत्रे फाडले. त्याच स्पर्धेच्या सहाव्या मालिकेत 'टॉर्नेडो' विजेता झाला, आणि त्याच्या तोंडाला होता ड्रम. खरं सांगायचं तर अंतिम लढतीत 'रेझर'ला त्याने ड्रमपेक्षा ढकलण्याच्या ताकदीवर आणि अंगाभोवती बांधलेल्या संरक्षक चौकटीच्या जोरावर हरवलं. चौकटीवरून वादही झाला. पण ठेंगणा, रुंद, उलटा पडला तरी चालणारा गडी ही घडण लोकांच्या डोक्यात बसली.

ड्रमला मान मिळवून दिला मात्र ब्राझीलने. रिओ द जानेरोच्या कॅथलिक विद्यापीठातला 'रिओबॉट्झ' हा विद्यार्थ्यांचा संघ, मार्गदर्शक प्राध्यापक मार्को अँतोनियो मेजोलारो. त्यांच्या ड्रमवाल्या यंत्राचं नाव 'तोरो', म्हणजे बैल. पुढे २०१६ च्या अमेरिकी 'बॅटलबॉट्स'मध्ये ११३ किलोच्या गटात त्यांचा 'मिनोटॉर' उतरला, तेव्हा ड्रम म्हणजे काय ते जगाने पाहिलं. पण मला त्यांच्या जिंकण्यापेक्षा दुसरीच गोष्ट मोठी वाटते. आपलं सगळं ज्ञान, कुठलं पोलाद, कुठलं बेअरिंग, हिशोब कसा, चुका कुठे झाल्या, हे सारं त्यांनी तीनशेहून जास्त पानांच्या पुस्तकात लिहिलं आणि २००९ मध्ये इंग्रजीतून फुकट वाटून टाकलं. माझ्या उस्तादांनी टूलला धार लावण्याचा कोन मला तीन वर्षं दाखवला नव्हता! नातीच्या कॉलेजातली मुलं हेच पुस्तक छापून, बाइंडिंग करून वापरतात.

आता हिशोब बघा. नातीच्या नळकांड्याचं वजन भरतं सुमारे ३ किलो. मिनिटाला ८००० फेरे दिले तर त्यात जवळपास १९६० जूल ऊर्जा साठते. १५ किलोचं यंत्र १३ मीटर, म्हणजे चौथ्या मजल्यापर्यंत उचलायला लागेल तेवढी. सगळी काही धडकेत उतरत नाही, पण अंदाज यावा. अर्ध्या किलोवॅटची मोटरही चार-पाच सेकंदांत एवढं भरून देते. विमानाच्या मॉडेलांसाठी निघालेल्या ब्रशलेस मोटरा आणि लिथियम-पॉलिमर बॅटऱ्या स्वस्त झाल्या आणि हे हत्यार विद्यार्थ्यांच्या आवाक्यात आलं. फेरे निम्मे केले तर ऊर्जा मात्र चौथाईवर येते, म्हणून मुलांना वेगाचा मोह.

तिथेच गंमत आहे. ८००० फेऱ्यांना ड्रम सेकंदाला १३३ वेळा फिरतो. दोन्ही यंत्रं मिळून सेकंदाला ४ मीटर वेगाने जवळ आली, तरी चार दातांच्या ड्रममध्ये एक दात जाऊन दुसरा येईपर्यंत समोरचा जेमतेम साडेसात मिलिमीटर आत सरकतो. दात चावत नाही, नुसता खरवडतो. दोन दात ठेवले तर १५ मिलिमीटर मिळतात. मी कागदावरचे दोन दात खोडले. नातीला वाटलं, म्हातारा काम वाचवतोय. रात्री पुस्तक उघडून बसली आणि सकाळी म्हणाली, "आबा, दोनच करा."

अंथरूण पाहून पाय पसरायचे तर ड्रमसारखं हत्यार नाही. तो दोन्ही टोकांना बेअरिंगवर टेकलेला असतो, त्यामुळे एका बाजूने लटकणाऱ्या पट्टीसारखा शाफ्ट वाकत नाही. दात खालून वर येतात, त्यामुळे धक्क्याने समोरचा उडतो आणि आपलं यंत्र जमिनीवर दाबलं जातं. लेथवर गोल काम जितकं स्वस्तात होतं तितकं दुसरं कुठलंच होत नाही. आम्ही ईएन-२४ च्या बारचा दुकानात उरलेला तुकडा घेतला. दात वेगळे न घडवता १२.९ ग्रेडच्या ॲलन बोल्टची डोकी वापरली. तुटली तर बदलता येतात. मुलांना दातांना भरपूर पाणी द्यायचं होतं. मी नको म्हटलं. काचेसारखं कडक झालेलं पोलाद धडकेत तडकतं. हत्यार चिवट हवं. मोटरपासून ड्रमपर्यंत बेल्ट घेतला, कारण ड्रम अचानक अडकला तर बेल्ट घसरतो आणि मोटर वाचते. बॅलन्सिंगला यंत्र नव्हतं. दोन पट्ट्या समपातळीत ठेवून त्यांवर शाफ्टसकट ड्रम मोकळा सोडला. जी बाजू दरवेळी खाली येते तिथून थोडं थोडं खरवडत गेलो. दोन संध्याकाळी गेल्या.

भांडण झालं ते चालवून पाहण्यावरून. मुलं म्हणाली, शेडमध्येच चालवू, लांब उभे राहू. मी नाही म्हटलं आणि कारण सांगितलं. एका कारखान्यात, फार वर्षांपूर्वी, माझ्याशेजारच्या ग्राइंडरचा दगड फुटला. त्यावरचं गार्ड कुणीतरी कामाच्या घाईत काढून ठेवलं होतं. जो उभा होता त्याचं वय बावीस होतं. पुढचं मी त्यांना सांगितलं नाही, इथेही सांगत नाही. ब्लेंडोनंतर आखाड्यांना पॉलिकार्बोनेटच्या भिंती आल्या, यंत्र बाहेर असताना हत्याराला खीळ आली, आणि वीज तोडल्यावर हत्यार ६० सेकंदांत थांबलंच पाहिजे असा नियम आला. मुंबईच्या आयआयटीच्या टेकफेस्टमध्ये रोबोवॉर्स होतात, तिथेही यंत्रं बंद आखाड्यातच लढतात. हे नियम पुस्तकातले वाटतात; कुणीतरी काहीतरी उडताना पाहिलेलं असतं म्हणून ते लिहिले जातात.

शेवटी ओळखीच्या फाउंड्रीतून जाड प्लेटा आणल्या, पेटी केली, भोवती वाळूची पोती रचली. नात घड्याळ धरून बसली. ड्रमचा आवाज चढत गेला, मग तिने वीज तोडली. पहिल्यांदा तो ७४ सेकंद फिरत राहिला. कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी बेल्ट ताणून घेतला आणि पुन्हा मोजलं. ४१.