ओसरीवरील एक वाद

गेल्या मार्गशीर्षांत एका आप्ताच्या घरच्या लग्नास अंथुर्ण्यास गेलों होतों. जेवणें आटोपून ओसरीवर पानसुपारी चालली असतां एका वयस्क गृहस्थांनीं विषय काढला. वधू नोकरी करणारी, हें निमित्त. ते म्हणाले, "समतेचें हें खूळ साहेबानें आणलें. आणि पुरुषांस दोष कशाला? सुनेला शिकूं न देणार्‍या सासवा बायकाच ना?" मंडळींनीं माना डोलविल्या. वडीलधार्‍यांस चारचौघांत उत्तर देणें आपल्याकडे अमर्यादा समजतात. मी गप्प बसलों. दाराशीं उभ्या असलेल्या वधूच्या धाकट्या बहिणीनें माझ्याकडे पाहिलें, तें मात्र बोचलें. तेव्हां न दिलेलें उत्तर येथें देत आहें.

पहिला आक्षेप फार वेळ घेण्याजोगा नाहीं. १८८२ सालीं बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनीं 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिली. सुरतेकडील विजयालक्ष्मी नांवाच्या तरुण विधवेच्या खटल्यावरून वर्तमानपत्रांनीं सार्‍या स्त्रीजातीस दूषणें दिलीं, त्यांस हा जबाब होता. त्यांतील युक्तिवाद साहेबाच्या ग्रंथांतून उसना घेतलेला नाहीं. शास्त्रें-पुराणें आणि घरोघरचा व्यवहार हाच त्याचा पुरावा. तिच्यावर रागावणार्‍यांत सुधारकी गोटांतलेही होते, म्हणून जोतीराव फुल्यांस १८८५ मध्यें 'सत्सारा'च्या दुसर्‍या अंकांत तिची बाजू घ्यावी लागली.

दुसरा आक्षेप वरकरणी खरा दिसतो, म्हणूनच तो अधिक फसवा. त्याचें उत्तम उदाहरण पुण्यांतील रानड्यांचें घर. १८७३ च्या अखेरीस अकरा वर्षांच्या रमाबाई त्या घरांत आल्या. माधवरावांनीं त्यांस शिकविण्यास प्रारंभ केला, आणि घरांतील वडील बायकांचा रोष ओढवला. पुढें इंग्रजी सुरू झाल्यावर व १८८२ मध्यें पंडिता रमाबाईंच्या सभांस जाणें घडूं लागल्यावर तर टोमण्यांस पारावार राहिला नाहीं. येथवर आमच्या गृहस्थांचें म्हणणें बिनतक्रार मान्य करावें लागेल.

पण ती अकरा वर्षांची मुलगी त्या घरांत आलीच कशी? माधवरावांची पहिली पत्नी वारून थोडेच दिवस झाले होते. मुलगा विधवेशीं विवाह करील या धास्तीनें वडिलांनीं घाईनें हें लग्न जुळविलें. एकतीस वर्षांचा, न्यायासनावर बसणारा, पुनर्विवाहाचा पुरस्कर्ता पुत्र वडिलांपुढें नमला! रानड्यांविषयीं मला अतोनात आदर आहे; तरी या ठिकाणीं त्यांची बाजू सांवरून घेणें मला जमत नाहीं. घरांत शब्द कोणाचा चालत होता, हें यावरून उघड आहे. टोमणे मारणार्‍या बायकांस लग्न थांबविण्याचा वा ठरविण्याचा अधिकार नव्हता. त्यांत माधवरावांची विधवा बहीणही होती. घराची रीत राखणें एवढाच जिला मान, तिनें ती रीत दांतओठ खाऊन राखावी यांत नवल तें काय? पहारेकर्‍यास किल्ल्याचा मालक म्हणण्यासारखाच हा प्रकार झाला.

रमाबाईंनीं १९०९ मध्यें पुण्यांत सेवासदन उभें केलें, तेव्हां तेथें प्रौढ स्त्रियांच्या व विधवांच्या शिक्षणाची सोय केली. ज्यांनीं छळलें त्यांच्याच जातकुळीच्या बायका या! पुढच्याच वर्षीं निघालेल्या 'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी' या पुस्तकांत त्यांनीं घरांतील जाच लपविलेला नाहीं.

तें पुस्तक वधूच्या बहिणीस मीं पाठविलें आहे. ओसरीवरील गृहस्थांस काय पाठवावें, हें अद्याप ठरलेलें नाहीं.