गिरणीचा तलाव आणि घरचा संगणक
डिलाईल रोड, म्हणजे आजचा ना. म. जोशी मार्ग, आपण गिरण्यांमुळे ओळखतो. इंजिनातल्या वाफेचं पुन्हा पाणी करायला गिरण्या आवारात तलाव बांधत. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलचा तलाव गिरणी बंद पडल्यावरही राहिला. तलाव गिरणीच्या मापाचा, राखायला माणसं गिरणीचीच.

घरचा संगणक पाण्याने थंड करायचा, तर प्रश्न तोच. तयार संच सीलबंद, देखभाल कमी. पण पंप गेला की बहुधा सगळाच बदलावा लागतो. मापाने जुळवलेल्यात भाग सुटे बदलतात, मात्र पाणी बदलणं, गळती बघणं आपल्याच गळ्यात.

इथल्या बीडीडी चाळीत खोली १६० चौरस फुटांची असे. उष्णता दोन्हींतून तिथेच उतरते, जिथे मुलं झोपतात. म्हणून आम्ही म्हणू: आधी खिडकीतला वारा बघा, मग तयार संच घ्या.