टोपीकर, फिरंगी आणि पाखले

आजीचं माहेर पेडण्याचं, सासर वेंगुर्ल्याचं. मधे दोन राज्यांची सरहद्द. ‘हयसर सायब, थयसर पाखले,’ असं ती सांगे. पाखले म्हणजे पोर्तुगिजांचे गोरे शिपाई. ‘पाखले आयले’ अशी हाक उठली की पोरीबाळी माजघरात जात आणि दाराला अडसर पडे. गोवा १९६१ साली मोकळा झाला, तरी हा शब्द उच्चारताना तिचा आवाज आपोआप खाली येई.

वेंगुर्ल्यात डच वखारीचे अवशेष आहेत. १६३७ साली डच इथे आले. गोव्याच्या बंदराची कोंडी करायला त्यांना जवळचा तळ हवा होता. मराठी कागदांत ते वलंदेज. हे नाव आपल्याला पोर्तुगिजांच्या तोंडून मिळालं. डेन्मार्कचे डिंगमारही तसेच, आणि इंग्रजसुद्धा. जो आधी किनाऱ्याला लागला, त्यानंच मागून येणाऱ्या वैऱ्यांची ओळख करून दिली! तो स्वतः मात्र फिरंगी राहिला. ‘फ्रँक’ लोकांचं नाव अरबी-फारसीतून फिरत आपल्याकडे पोचलं ते असं. विलायती पात्याची सरळ तलवार फिरंग झाली आणि सोळाव्या शतकातल्या ‘भावप्रकाशा’त उपदंशाला फिरंगरोग हे नाव पडलं.

टोपीकर हा शब्द मात्र आपल्याच डोळ्यांनी घडवला. पागोट्यांच्या मुलखात टोपी घालून आलेला, तो टोपीकर. रामचंद्रपंत अमात्यांच्या १७१५ च्या सुमाराच्या आज्ञापत्रात त्यांच्याबद्दल स्पष्ट ताकीद आहे: वखारीला जागा द्यायचीच तर समुद्रकाठची देऊ नये, पक्कं बांधकाम करू देऊ नये, हाती आलेलं ठाणं हे लोक मेले तरी सोडत नाहीत. व्यापाऱ्याच्या वेशातलं राज्य इतक्या आधी ओळखणाऱ्या या माणसाबद्दल मला अपार आदर वाटतो. पुढे त्याच्या ताकिदीचा विसर पडला आणि १८१८ साली पेशवाई बुडाली.

टोपीकर दप्तरांत सुरक्षित आहे. पाखल्यांच्या आठवणी मात्र बहुतेक माणसांपाशीच आहेत, आणि ज्यांनी त्यांना जाणत्या वयात पाहिलं ती माणसं आता ऐंशीच्या पुढे गेली आहेत. पेडणे, बांदा, सातार्डा या भागात तुमचं कुणी असेल, तर या सुट्टीत त्यांच्याजवळ बसा, विचारा आणि त्यांच्याच बोलीत लिहून घ्या.