रक्तस्राव आणि अवसाद : एका कारणमीमांसेचा इतिहास

वैद्यकशास्त्रात एखादी संज्ञा रूढ झाली म्हणजे तिने दर्शविलेली विकृतीही समजली, असा भ्रम सहज उत्पन्न होतो. ‘शॉक’ अथवा अवसाद ही संज्ञा याचे ठळक उदाहरण होय. फ्रेंच शल्यवैद्य आंरी फ्रांस्वा ल द्राँ याच्या बंदुकीच्या जखमांवरील ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर १७४३ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा हा शब्द वैद्यकात आला. त्याचा मूळ रोख गोळीच्या हादऱ्याकडे होता. पुढे दीर्घकाळ अवसादाचे मूळ मज्जासंस्थेतच शोधले गेले, यास ही व्युत्पत्तीही काही अंशी कारण झाली असावी. १८९९ मध्ये अमेरिकन शल्यवैद्य जॉर्ज क्राइल याने श्वानांवरील प्रयोगांच्या आधारे, रक्तवाहिन्यांचे नियमन करणारी मज्जाकेंद्रे थकल्याने अवसाद होतो, असा सिद्धांत मांडला.

पहिल्या महायुद्धाने हा प्रश्न निकडीचा केला. वॉल्टर कॅनन व विल्यम बेलिस यांनी मांजरांच्या मांड्या चिरडून प्रयोग केले. दुखावलेल्या अवयवात साचलेला द्रव रक्तदाबाच्या घसरणीचा उलगडा करण्यास अपुरा आहे, असे त्यांना आढळले. यास्तव चिरडलेल्या ऊतींतून एखादे विष रक्तात मिसळत असावे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. हेन्री डेल याच्या हिस्टामीनवरील संशोधनाने त्या मतास बळ मिळाले. वास्तविक नॉर्मन कीथ याने रंगद्रव्याच्या साह्याने जखमी सैनिकांच्या रक्ताचे आकारमान मोजून ते घटल्याचे याच सुमारास दाखविले होते. तथापि विषसिद्धांत टिकून राहिला.

त्यास निर्णायक धक्का १९३० साली बसला. आल्फ्रेड ब्लेलॉक याने इजा झालेल्या व निरोगी अवयवांच्या वजनांची तुलना अधिक काळजीपूर्वक केली. पूर्वीच्या प्रयोगांत अवयव फार खाली कापल्यामुळे, वर झिरपलेला द्रव मोजमापातून निसटला होता. तो हिशेबात घेताच अवसादाची उपपत्ती लावण्यास विषाची गरज उरली नाही. म्हणजे बाहेर थेंबभर रक्त न सांडताही मनुष्य आपल्याच मांडीत रक्त गमावू शकतो.

दुसऱ्या महायुद्धात आंद्रे कूर्नां व त्याचे सहकारी यांनी हृदयात नळी सारून जखमी रुग्णांचा अभ्यास केला. रक्ताचे आकारमान कमी झाले म्हणजे हृदयाकडे परतणारे रक्त घटते आणि हृदय प्रतिमिनिट कमी रक्त बाहेर टाकते, हे त्यातून स्पष्ट झाले. रक्तवाहिन्या आकुंचित होऊन काही काळ रक्तदाब सावरून धरतात. म्हणूनच केवळ दाबाच्या आकड्यावर विसंबणे धोक्याचे ठरते. नुसता रक्तद्रव पुरेसा नाही, पूर्ण रक्तच द्यावयास हवे, असा आग्रह एडवर्ड चर्चिल याने १९४३ मध्ये उत्तर आफ्रिकेच्या आघाडीवर धरला.

तरीही एक जुनी सूचना बाजूस पडली होती. शल्यवैद्याने रक्तस्राव थांबविण्यापूर्वी दाब चढविल्यास मोलाचे रक्त वाहून जाईल, असा इशारा कॅनन व त्याच्या सहकाऱ्यांनी १९१८ मध्येच दिला होता. त्याची सत्यता दीर्घकाळाने पडताळली गेली. १९९४ साली ह्यूस्टन येथील एका अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात धडास भेदक जखमा होऊन रक्तदाब उतरलेल्या ५९८ रुग्णांचा समावेश होता. शिरेतून द्रव तत्काळ दिलेल्यांपैकी ६२ टक्के, तर शस्त्रक्रियेपर्यंत तो रोखून धरलेल्यांपैकी ७० टक्के रुग्ण वाचले. बोथट आघात किंवा डोक्याची इजा यांस हा निष्कर्ष सरसकट लागू करता येत नाही, हे मात्र ध्यानात ठेवले पाहिजे.

या इतिहासाचा अर्थ विचारपूर्वक लावावयास हवा. ज्या कॅननचे विषाविषयीचे अनुमान चुकले, त्याचेच रुग्णशय्येजवळील निरीक्षण खरे ठरले. सिद्धांत त्याज्य ठरला म्हणून त्याच्या कर्त्याची निरीक्षणेही टाकून देणे, ही संशोधनातील महागडी चूक होय. अवसादाच्या बाबतीत तिची किंमत रुग्णांनी मोजली.