रातची लाइट

आमच्या गोठ्यात खुंटीला एक लोखंडी हँडल टांगलेलं आहे. पाच हॉर्सपॉवरच्या डिझेल इंजिनाचं. इंजिन आबांनी कधीच भंगारात घातलं, हँडल तेवढं ठेवलं. का ठेवलं विचारलं की म्हणायचे, "असू दे रं, लाइटीचा काय भरवसा!"

बिद्रीच्या शिवारात पाण्यासाठी काय काय जळलं, ते मी त्या हँडलावरून मोजतो.

आबांच्या तरुणपणी मोट होती. बैल, नाडा, सोंदूर आणि पहाटेच्या अंधारात धावेवरून मागं-पुढं जाणारा मोटकरी. घरात चुलीला शेणी आणि तुरकाट्या, गुऱ्हाळात चुलवाणाला त्याच उसाचं वाळवलेलं चिपाड. रस काढायचा आणि चोथ्यावरच तो आटवायचा. गावाबाहेरून जळण म्हणून येत होतं ते फक्त चिमणीतलं रॉकेल. आजच्या भाषेत हे सगळं अपारंपरिक ऊर्जेत बसतं. आमच्या दृष्टीनं तीच परंपरा. पण तिचं कौतुक करायला माझी जीभ रेटत नाही. मोटेच्या बैलांचे सुजलेले खांदे मी पाहिलेत, आणि फुंकणी फुंकून लाल झालेले आईचे डोळेही.

मग इंजिन आलं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात तेव्हा इंजिनं ओतली आणि घडवली जायची. आबांनी दोन म्हशी विकून एक आणलं. दिवाळीच्या पुढं-मागं नदीच्या बंधाऱ्याला बरगे घालायचे, पाणी तुंबलं की काठावर इंजिन बसवायचं. चालू करायला दोघं लागायचे. एकजण हँडल मारणार, दुसरा वेग आला की झडपेची खुटी सोडणार. हँडल वेळेत निघालं नाही तर मनगट गेलंच. तात्यांचं एकदा गेलं होतं. पण एकदा टुकटुक सुरू झालं की चार बैलांचं दिवसभराचं काम तासाभरात व्हायचं. त्या आवाजावर आम्ही पोरं अभ्यास करायचो, झोपायचो. आवाज थांबला की जाग यायची.

1973 साली तो आवाज वरचेवर थांबू लागला. आधल्याच वर्षी दुष्काळ पडला होता. त्यात ऑक्टोबरात तिकडं इस्रायल आणि अरब देशांत युद्ध जुंपलं. तेलाचं पिंप तीन डॉलरच्या आसपास होतं, ते काही महिन्यांत बाराच्या घरात गेलं. हे आकडे मी पुढं पुस्तकात वाचले. तेव्हा एवढंच कळलं, की आबा कॅन घेऊन सकाळी जातात आणि संध्याकाळी रिकामे येतात. ऊस करपला त्या साली. कुठल्या वाळवंटातली लढाई आणि कुठं आमची सरी!

त्यानंतर ज्याला त्याला लाइटीची मोटर पाहिजे होती. वीज मंडळ 1960 सालीच झालं होतं, कोयनेची वीज निघत होती, तारा हळूहळू शिवारात आल्या. वर काळम्मावाडीचं धरण झालं, नदीला उन्हाळ्यातही पाणी राहू लागलं. नदीकाठच्यांनी मिळून सहकारी पाणीपुरवठा संस्था काढल्या, मोठमोठ्या मोटरी बसवून माळापर्यंत पाइप नेले. माळ हिरवा झाला. आमच्या रानातला धूर गेला. पण तो नाहीसा झाला नाही, लांब गेला. चंद्रपूर, कोराडी, परळीला आमच्या नावाचा कोळसा जळत होता.

घरातली गोष्ट तर उलटीच झाली. ऐंशीनंतर सरकारनं बायोगॅसचं अनुदान सुरू केलं, गल्लीत चार-पाच घरांनी गोबरगॅस बांधला. आमच्या आईनं हट्टानं बांधून घेतला. सकाळी शेण कालवायचं, कुंडीत सोडायचं, लोखंडी टाकी वर आली की निळी शेगडी पेटायची. थंडीत गॅस कमी पडायचा, तेवढंच. संडासही त्याला जोडा म्हटल्यावर मात्र निम्म्या गावानं नाक मुरडलं. वीस वर्षं चालला तो. मग ट्रॅक्टर आला, बैल गेले, म्हशी दोनावर आल्या. शेण कुठनं आणायचं? सिलिंडर घेतला. सगळ्या जगानं तेलाकडून शेणाकडं जायचं म्हणून परिषदा भरत होत्या आणि आम्ही शेणाकडून तेलाकडं निघालो होतो. पण एकदा तरी शेणात हात घातलेल्या माणसानंच आईला नाव ठेवावं.

आणि कारखाना. आमच्या भागात नुसतं कारखाना म्हटलं तरी दूधगंगा-वेदगंगा, बिद्री. दरसाल पावसाळा सरला की बॉयलर अग्निप्रदीपन होतं, पूजा, नारळ, आणि चिमणीतून धूर निघाला की हंगाम आला. एक टन ऊस गाळला की पावणेतीनशे-तीनशे किलो बगॅस राहतो, त्यात निम्मं पाणीच. पूर्वी कुठल्याही साखर कारखान्यात हा बगॅस कमी दाबाच्या बॉयलरात जळायचा. कारखाना चालला म्हणजे झालं. पुढं जास्त दाबाचे बॉयलर आले, तेवढ्याच बगॅसमधून कारखान्याला पुरून उरेल इतकी वीज निघू लागली. बिद्रीतही सहवीज प्रकल्प झाला. साखरेबरोबर वीज विकून पैसे येऊ लागले. चुलवाणातल्या चिपाडाचंच हे मोठं रूप, मला नवल वाटलं नाही. आबा असते तर म्हणाले असते, "आमी काय येगळं करत हुतो?"

पण एक गोष्ट मला खुपते. हंगामात रात्री बांधावर उभं राहिलं की कारखाना लखलखताना दिसतो. त्यात आमचाही ऊस जळतोय, आम्ही सभासद. आणि आम्ही उभे अंधारात, हातात बॅटरी, कारण शेतीची लाइट रातची. काही दिवस दिवसा आठ तास, काही दिवस रात्री दहा तास, अशी पाळी. दिवसा घरं नि कारखानदारीचा भार असतो, म्हणून शेतकऱ्याला रात्र. हिशेब बरोबर असेल, पण रात्री उसात काय असतं ते हिशेब करणाऱ्याला ठाऊक नसावं. आमच्या दादाला दारं मोडताना घोणस चावली. मोटरसायकलवर मधे धरून दवाखान्यात नेला. जीव वाचला, पायही वाचला, अंगठा अजून बधिर आहे. 2022 च्या फेब्रुवारीत राजू शेट्टींनी कोल्हापुरात दिवसा दहा तास विजेसाठी धरणं धरलं, तेव्हा दादा लंगडत जाऊन बसला होता. पक्षबिक्ष काही नाही. म्हणाला, "माझ्या अंगठ्याची मागणी हाय ही."

म्हणून सूर्याचं मला अप्रूप आहे ते प्रदूषणाच्या आधी या अंगठ्यापायी. ऊन दिवसाच पडतं! बगॅस हंगामात मुबलक, पण उसाला खरी तहान एप्रिल-मेमध्ये लागते, तेव्हा हंगाम संपलेला असतो. ऊन मात्र तेव्हाच सगळ्यात कडक. पावसाळ्यात आमच्याकडं आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, पण तेव्हा मोटर तरी कुणाला पाहिजे?

अडचण वेगळीच आहे. सरकारचा सौर पंप दहा टक्के भरून मिळतो, तो तीन, पाच, फार तर साडेसात हॉर्सपॉवरचा. विहीर-बोअरवाल्याला उत्तम. आम्ही नदीवरचे. पाणीपुरवठा संस्थेची मोटर त्याच्या कितीतरी पट मोठी, तिला असला पंप म्हणजे हत्तीला चमचा. आमच्यासारख्यांना उपयोगाची ती सौर कृषी वाहिनी. म्हणजे उपकेंद्राजवळ पॅनेलचं रान मांडायचं आणि शेतीची अख्खी लाइनच दिवसा त्यावर चालवायची. योजना 2017 ची, 2023 पासून जोरात. 2024 च्या ऑक्टोबरात राज्यातली पाच सौर पार्कं सुरू झाली, मिळून 19 मेगावॅट. त्यात आपल्या जिल्ह्यातलं कोंडिग्रे आहे, शिरोळ तालुक्यातलं. तिथं जाऊन आलेला पाहुणा सांगत होता, "माळावर काळ्या फरश्या घातल्यागत दिसतंय." दादानं एकच विचारलं, "तितली माणसं रातची झोपत्यात न्हवं?"

पाणीपुरवठा संस्थेच्या सभेत मी विषय काढला. जागा कुणाची, पैसे कुणाचे, यावर दोन तास गेले. गायरान द्यायला जनावरंवाले तयार नाहीत, आणि त्यांचंही चूक नाही. चराऊ माळ उरलाय कुठं? एक म्हातारे म्हणाले, बरगे घालायलासुद्धा आम्ही अशीच भांडणं करायचो, पण पाणी तुंबवायचो. पुढच्या सभेला विषय पुन्हा आहे.

काल रात्री अकराला पुतण्या बूट घालत होता. दादानं गोठ्यातली काठी त्याच्या हातात दिली आणि म्हणाला, आधी काठी आपट, मग पाय टाक. सोमवारपासून दिवसाची पाळी आहे.