हॉलंड आणि चढता समुद्र

१९५३ च्या जानेवारीची ३१ तारीख, शनिवार. उत्तर समुद्रावर वायव्येचें वादळ घोंघावत होतें. पौर्णिमा नुकतीच उलटली असल्यामुळें भरतीहि उधाणाची होती. हॉलंडच्या हवामानखात्यानें धोक्याच्या पाण्याची सूचना तारेनें धाडली. परंतु ज्यांनीं त्यासाठीं आपलें नांव नोंदविलें होतें त्यांनाच ती मिळे, आणि असे गांव थोडेच होते. राहतां राहिली नभोवाणी. तिचें प्रक्षेपण त्या काळीं मध्यरात्रीं संपत असे, आणि त्याहि रात्रीं तें नेहमीप्रमाणें संपलें. रविवारीं पहाटे नैर्ऋत्येकडील बेटांचे बांध एकामागून एक फुटूं लागले, तेव्हां बांधाआड निजलेल्या माणसांना पहिली वर्दी दिली ती पाण्यानेंच.

त्या पुरांत हॉलंडमध्यें १८३६ माणसें मृत्युमुखीं पडलीं. सुमारें ७२,००० लोकांना घरें सोडावीं लागलीं. पहाटेच्या लोंढ्यांतून जे छपरांवर चढून बचावले होते, त्यांतील कित्येकांना दुपारच्या भरतीनें ओढून नेलें. टेलिफोन बंद पडले होते. बुडालेल्या गांवांची हांक बाहेर पोंचविली ती कांहीं हौशी बिनतारी संदेशवाल्यांनीं. बांधाच्या भोंकांत बोट घालून रात्रभर बसलेल्या डच मुलाची गोष्ट पुष्कळांनीं लहानपणीं वाचलेली असेल. ती मेरी मेप्स डॉज या अमेरिकन लेखिकेच्या १८६५ सालच्या पुस्तकामुळें जगभर पसरलेली गोष्ट आहे, इतिहास नव्हे. इतिहास याहून विलक्षण आहे. हॉलंडशे आयसेल नदीचा बांध न्यूवेरकेर्क गांवाजवळ खचला, तेव्हां तेथील नगराध्यक्षाच्या आज्ञेवरून आरी एव्हेग्रून नांवाच्या तांडेलानें आपलें मालवाहू गलबत थेट त्या खिंडारावर नेऊन अडकविलें. गलबत दारासारखें बसलें, आणि बांधामागील सखल, दाट वस्तीचा मुलूख वांचला.

हें संकट अनपेक्षित होतें काय? मुळींच नाहीं. योहान व्हान व्हेन हा सरकारी इंजिनियर १९३७ पासून सांगत होता कीं बांध ठेंगणे आहेत. पण प्रथम महायुद्ध आडवें आलें, आणि युद्ध संपल्यावर उद्ध्वस्त शहरें व पूल उभारण्यांतच पैसा खर्ची पडला. जो बांध अद्याप फुटलेला नाहीं त्याच्या दुरुस्तीची निकड खजिनदाराला पटविणें हें कोणत्याहि देशांत अवघडच असतें. नद्यांचीं मुखें बंद करण्याची व्हान व्हेनची योजना पूर येण्यापूर्वीं अवघे कांहीं दिवस आधीं सरकारदरबारीं पोंचली होती. पुरानंतर तीन आठवड्यांच्या आंतच डेल्टा कमिशन नेमलें गेलें, हें त्या पार्श्वभूमीवर पाहिलें पाहिजे.

या कमिशनपुढचा खरा प्रश्न बांधकामाचा नव्हता. तो होता, किती उंच? पूर्वीं बांधाची उंची मागच्या मोठ्या पुरावरून ठरे. आजोबांनीं पाहिलेलें पाणी, त्यावर थोडी भर. व्हान डांट्झिख या गणितज्ञानें ही रीत टाकून दिली. बांध जितका उंच तितका खर्च अधिक, पण नुकसानीचा संभव तितका कमी. या दोहोंची बेरीज जेथें सर्वांत लहान होईल ती उंची योग्य, असा त्याचा हिशेब. १९५३ सालीं हूक ऑफ हॉलंड येथें पाणी आम्स्टरडॅमच्या प्रमाणरेषेवर ३.८५ मीटर चढलें होतें. यापुढें ५ मीटर धरावें आणि मध्य हॉलंडांत तरी दहा हजार वर्षांत एकदां येणाऱ्या पाण्यास तोंड द्यावें, असें ठरलें. मनुष्यजीवाची किंमत आंकड्यांत मांडणें कित्येकांस कठोर वाटेल. पण या हिशेबानें एक मोठी गोष्ट साधली: निर्भय सुरक्षितता कोठेंच नसते, किती धोका पत्करावयाचा हें लोकांनींच उघडपणें ठरवावयाचें असतें, हें तेथें कायद्यांत लिहिलें गेलें. १९५८ सालीं डेल्टा कायदा संमत झाला.

पुढचीं चाळीस वर्षें बांधकामाचीं. त्यांतील ईस्टर्न शेल्टच्या मुखाची कथा तेवढी सांगण्यासारखी आहे. तें मुख भरीव धरणानें बुजवावयाचें ठरलें होतें. तसें झालें असतें तर भरती-ओहोटी थांबून तेथील शिंपल्यांचा धंदा बुडाला असता. कोळी व निसर्गप्रेमी यांनीं असा गिल्ला केला कीं १९७६ सालीं सरकारास बेत बदलावा लागला. ६५ काँक्रीटचे खांब आणि त्यांमध्यें ६२ पोलादी दरवाजे; एरव्हीं उघडे, वादळांत बंद. खर्च फार वाढला, पण समुद्र जिवंत राहिला. १९८६ सालीं हें काम राणी बेआट्रिक्सच्या हस्तें खुलें झालें. पूर आला त्या शनिवारीं तिचा पंधरावा वाढदिवस होता!

समुद्राकडे दारें लावून झालीं, तों पाठीमागून नद्या चढल्या. १९९५ सालीं सुमारें अडीच लक्ष लोकांना नदीकांठचीं घरें सोडून जावें लागलें. बांध टिकले, परंतु दरवेळीं ते उंच करीत जाण्यांतला तोटा आतां उघड दिसूं लागला. पाणी उपसावें तों आंतली ओली जमीन सुकून खचते, आणि जमीन खचते तों बांध आणखी उंच हवा. शतकानुशतकें चाललेल्या या उपशानें देशाची सुमारें चतुर्थांश भूमि समुद्रसपाटीखालीं गेलेली आहे. तेव्हां डच इंजिनियरांनीं पूर्वजांच्या शिकवणीविरुद्ध पाऊल टाकलें: नदीला तिची जागा परत द्यावयाची. तिसाहून अधिक ठिकाणीं बांध मागें सरकविले किंवा पात्रें रुंद केलीं. नायमेखनसमोर बांध ३५० मीटर मागें गेला व त्यापायीं सुमारें ५० घरें पाडावीं लागलीं. ओव्हरडीप येथील शेतकऱ्यांनीं तर आपला तोडगा आपणच सुचविला. बांध खुजा करा, पूर आमच्या शेतांत येऊं द्या. आम्ही उंच टेकाडें रचून त्यांवर घरें व गोठे बांधतों. आठ कुटुंबें अशीं टेकाडांवर राहिलीं. बाकीचीं मोबदला घेऊन निघून गेलीं. रोमन ग्रंथकार प्लिनी यानें पहिल्या शतकांत याच किनाऱ्याच्या उत्तर भागांत टेकाडांवर राहणारीं माणसें पाहिलीं होतीं, व त्यांची कींव केली होती. दरवाज्यांच्या पोलादी थाटापुढें हीं टेकाडें किरकोळ दिसतात, परंतु धाडस मोजावयाचें तर तें येथेंच अधिक आहे.

पृथ्वीची हवा तापत असल्यामुळें या सर्व हिशेबांचा पायाच आतां हलला आहे. २००८ सालच्या दुसऱ्या डेल्टा समितीनें सांगितलें कीं २१०० सालापर्यंत समुद्र ६५ सेंटिमीटर ते १.३० मीटर चढेल असें धरून चालावें. एकच आंकडा तिनें दिला नाहीं, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे. २०१२ सालीं नवा कायदा अंमलांत आला. कामासाठीं स्वतंत्र निधि व स्वतंत्र आयुक्त नेमण्यांत आला, आणि योजना ठराविक वर्षांनीं पुन्हां तपासून पाहावी असें ठरलें.

रॉटरडॅमचें बंदर राखणारा मेसलांट दरवाजा १९९७ सालीं पुरा झाला. २००७ सालीं तो वादळासाठीं प्रथम मिटला, आणि २१ डिसेंबर २०२३ रोजीं पाण्याची पातळी पाहून यंत्रणेनें तो आपण होऊन मिटविला. समुद्र सुमारें अर्धा मीटर चढेल असें गृहीत धरून त्याची बांधणी झाली आहे. त्यापुढें तो वारंवार मिटावा लागेल, व मिटलेल्या दाराआड जहाजें ताटकळत राहतील. नदीचें मुख कायमचें बंद करून जहाजांसाठीं जलपाश बांधावे, कीं दार उघडें ठेवून शहरच उंच करीत जावें, यावर तेथें आज वाद चालू आहे.