कोकणची माणसे आणि चवदार पाणी



विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी लेख द्या, असा कार्यकारिणीचा निरोप आला तेव्हा आम्ही धम्मावर काही लिहू अशी मंडळींची अपेक्षा असावी. पण धम्मावर लिहिणारे विद्वान पुष्कळ आहेत. आम्ही पडलो गिरणीतली माणसे. पाळी सुटल्यावर वाचनालयात बसून जे वाचले आणि गावच्या म्हाताऱ्या माणसांकडून जे ऐकले, तेवढीच आमची शिदोरी. तेव्हा ज्या मातीतून आपले बापजादे मुंबईला आले त्या कोकणपट्टीविषयी लिहावे असे ठरवले. त्यातही कुलाबा (१९८१ पासून रायगड) आणि रत्नागिरी ह्या दोन जिल्ह्यांविषयी, कारण तेवढाच मुलूख आम्हाला ठाऊक.

कोकण म्हटले की आंबा, फणस आणि परशुराम असे ठरून गेलेले आहे. परशुरामाने बाण मारला, समुद्र मागे हटला आणि जमीन वर आली म्हणे. म्हणजे तिथे आधी कोणी राहातच नव्हते! पण दगडावर कोरलेली अक्षरे वेगळेच सांगतात. सोपाऱ्याला अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा सापडला. तिथला स्तूप पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली खणून काढला. तिथून जवळच भुईगावला अशोकाच्या नवव्या आज्ञेचा तुकडा मिळाला तो १९५६ साली. साल लक्षात घ्या! महाडला मुंबई-गोवा रस्त्याच्या कडेलाच गांधारपाल्याची लेणी आहेत. मांदाडच्या खाडीजवळ कुडा लेणी आहेत, दापोली तालुक्यात कोटजाई नदीवर पन्हाळेकाजीची २९ लेणी आहेत. ही लेणी राजेरजवाड्यांनीच कोरवली असे समजू नका. कुड्याच्या लेखांत दान देणारा एक माळी आहे, एक लोखंडाचा व्यापारी आहे. कान्हेरीच्या लेखांत चेमुल म्हणजे चौल, सोपारा, कल्याण इथली व्यापारी माणसे आहेत. खाडीतून गलबते यायची, माल घाटावर जायचा, आणि धंद्यातल्या नफ्याचा वाटा भिक्खूसंघाला मिळायचा. इथली साधीसुधी माणसे दगडावर आपले नाव कोरून ठेवत होती. नंतरच्या हजार-दीड हजार वर्षांत त्याच मुलुखात आपल्या माणसांची नावे कुठे कोरलेली आढळत नाहीत, हे मनात ठेवून पुढचे वाचा.

समुद्राने ह्या किनाऱ्यावर नाना तऱ्हेची माणसे आणली. अलिबागजवळ नवगावला गलबत फुटून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, त्यांचे आपण वंशज, असे बेने इस्रायल लोक सांगतात. त्यांनी तेलाचा घाणा धरला आणि शनिवारी घाणा बंद ठेवला, म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटले. आडनावेही गावावरूनच घेतली, रेवदंडेकर, किहीमकर, पेणकर. भाषा मराठी. कीर्तनेसुद्धा मराठीत करीत. मलिदा करून एलियाहू पैगंबराचे स्मरण करणारा हा समाज १९४८ नंतर बहुतेक इस्राएलला गेला, पण तिथेही ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक चालवीत राहिला. जंजिऱ्याला आफ्रिकेतून आलेले सिद्दी होते. त्यांनी तर राज्यच केले, ते १९४८ साली विलीन झाले. अरबांशी सोयरीक सांगणारे कोकणी मुसलमान आहेत. त्यांच्यातही कर लावलेली आडनावे आहेत आणि घरात बोलतात ती आपलीच बोली. रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लईला ख्रिस्ती वस्ती आहे. पोर्तुगीज १७४० साली चौल सोडून गेले, तरी तिथल्या घरांतून पोर्तुगीज मिसळलेली बोली आजतागायत बोलली जाते. खाडीवर कोळी, खारजमिनीत आगरी, माडावर भंडारी, वरकस जमिनीत कुणबी, रानात काथ पाडणारा कातकरी. भंडाऱ्याने काढलेली माडी मुसलमानाच्या घरी सांदणाच्या पिठात पडायची आणि सांदण सणाला शेजारीपाजारी जायचे. अशी ही देवघेव.

हे सगळे गोड आहे आणि खरेही आहे. कोकण सहिष्णू, कोकण प्रेमळ, असे लिहिणाऱ्यांना आम्ही खोटे म्हणत नाही. पण त्यांनी एक प्रश्न स्वतःला विचारलेला दिसत नाही. गलबत फुटून आलेल्याला गावाने घाणा दिला, आडनाव दिले. मग गावाच्या हद्दीचा दगड ज्याला तोंडपाठ होता, खोताचा सारा ज्याच्या पायपिटीने गोळा व्हायचा, त्या महाराला पाणी का दिले नाही?

आणि जातीचे हे वारे असे की बाहेरून आलेल्यालाही ते लागलेच. बेने इस्रायलांत गोरे आणि काळे असे दोन तट पडले, त्यांच्यात लग्ने होत नसत. आपल्यातही बेले महार, पान महार असा भेद होताच. जातीचे चटके खाणाऱ्यांनीच जात जपावी, ह्याला काय म्हणावे!

पाण्यावरून पहिला आवाज कोणी उठवला म्हणाल तर पलटणीतल्या माणसांनी. इंग्रजांच्या मुंबई फौजेत कोकणातले महार पुष्कळ होते. पेन्शनीत आले की दापोलीच्या कॅम्पात वस्ती करायचे. लिहायला-वाचायला शिकलेली ही माणसे. महाडजवळच्या रावढळचे गोपाळ बाबा वलंगकर त्यातलेच. १८८६ साली पेन्शनीत येऊन ते दापोलीला राहिले, आणि १८८८ साली ‘विटाळ विध्वंसक’ ही पुस्तिका लिहून शास्त्रीपंडितांना जाब विचारला. पुढे सरकारने १८९२-९३ च्या सुमाराला महारांची भरती बंद केली. शाळेचा आणि भाकरीचा एक दरवाजा लागला.

महाडचा संगर आपणा सर्वांना पाठ आहे, तो पुन्हा सांगत नाही. सी. के. बोले हे भंडारी समाजाचे पुढारी. त्यांचा सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव मुंबई कौन्सिलात १९२३ साली पास झाला, १९२४ साली महाड नगरपालिकेने तो मान्य केला, आणि तळे मात्र होते तसेच राहिले. १९ आणि २० मार्च १९२७ च्या परिषदेला आलेल्यांसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. तळे काठोकाठ भरलेले आणि पाणी विकत! मार खाऊन पांगलेल्या आपल्या माणसांना कोणी घरात घेतले? मुसलमानांनी. डिसेंबरात मंडपाला हिंदू कोणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान ह्यांनी आपली जमीन दिली. नगरपालिकेचे सुरेंद्रनाथ टिपणीस, चित्रे, सहस्रबुद्धे हे सवर्णांतले गृहस्थही बाबासाहेबांच्या बाजूने उभे राहिले. आपल्या सभांत आजकाल ही नावे फारशी कोणी घेत नाही, म्हणून मुद्दाम लिहिली. कोर्टात विरोधकांचे म्हणणे असे की हे चौधरी तळे, खाजगी आहे आणि वहिवाट अनादि काळापासूनची आहे. १७ मार्च १९३७ रोजी हायकोर्टाने ही अनादि वहिवाट शाबीत होत नाही असा निकाल दिला. गांधारपाल्याची लेणी तिथून हाकेच्या अंतरावर आहेत. अनादि काळाचा पुरावा कोणाच्या बाजूचा होता तो डोंगरात कोरलेलाच होता.

पाण्याइतकाच मोठा प्रश्न खोतीचा. खोत ब्राह्मण असो, मराठा असो की मुसलमान, कुळाच्या मानेवर जू तेच. अलिबाग तालुक्यात चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली १९३३ पासून १९३९ पर्यंत जमीन कसलीच नाही, सहा वर्षे उपास काढले पण संप मोडला नाही. बाबासाहेबांनी सप्टेंबर १९३७ मध्ये खोती नष्ट करण्याचे बिल आणले आणि १९३८ च्या जानेवारीत कोकणातली कुळे मुंबईला कौन्सिलावर चालून आली. त्या मोर्च्यात कुणबी आणि महार खांद्याला खांदा लावून होते. खोती कायद्याने गेली १९४९ साली. पण जमीन हातात आल्यावर ते खांदे वेगळे झाले ते झालेच, आणि ह्याचा विचार दोन्हीकडच्या शहाण्यांनी केला नाही असे आमचे मत आहे.

मुंबईत तरी काय वेगळे? बोटीने उतरलेला कोकणी माणूस गिरणीत शिरला तो गावासकट शिरला. आपल्या माणसाला रिंग खाते मोकळे, साचा खाते बंद. कारण काय तर धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो, विटाळ होतो. साचा खात्यात पगार जास्त, म्हणून विटाळ कडक! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी ही गोष्ट पुढाऱ्यांपुढे मांडली. महाड परिषदेसाठी धडपडणारे रामचंद्र बाबाजी मोरे पुढे कम्युनिस्ट झाले, त्यांनाही हा प्रश्न शेवटपर्यंत टाळता आला नाही. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मात्र साचा काय नि रिंग काय, सगळेच रस्त्यावर आले.

१९५६ च्या धम्मदीक्षेनंतर गावोगाव महारकी सुटली, १९५८ च्या कायद्याने वतनेही गेली. मेलेले ढोर ओढायचे नाही, शिमग्याला पालखीपुढे ढोल वाजवायचा नाही. आमच्या वाडीत त्यावरून दोन वर्षे गावाने दळण बंद केले होते. बायका रात्री कंदील घेऊन तिसऱ्या गावाला दळायला जायच्या, हे आमची आवस सांगायची. तिच्यासारख्या बायकांचे नाव कुठल्या बुकात नाही. ढोल वाजवणाऱ्या आमच्या एका चुलत्याचा हात मात्र पुढे भीमजयंतीच्या मिरवणुकीतच परत ढोलावर पडला आणि गावातली कुणब्यांची पोरे बघायला आली.

कातकऱ्यांविषयी आम्हाला लिहायचे होते. कोळशाच्या आणि विटांच्या भट्टीवर ज्यांच्या पिढ्या गेल्या त्यांच्याविषयी आपल्या स्मरणिकेत आजवर एक पानसुद्धा नाही. पण संपादकांनी पाने मोजून दिली आहेत, तेव्हा ते पुढच्या अंकी.

एक विनंती. ज्यांच्या घरी वतनाचे कागद, खोताच्या पावत्या, पलटणीचे बिल्ले, गिरणीचे जुने पास, मनिऑर्डरीच्या पावत्या किंवा गावच्या मंडळाच्या जमाखर्चाच्या वह्या असतील त्यांनी त्या पौर्णिमेला विहारात घेऊन याव्यात. झेरॉक्स काढून मूळ कागद त्याच दिवशी परत देऊ. आणि घरात ऐंशीच्या पुढचे कोणी असेल तर आम्हाला कळवा, आम्ही स्वतः घरी येऊ.